बेबीआत्याचा देव

बेबीआत्याचं मानेखालचं सगळं अंग गेलं, तेव्हा आता निदान हिचं तोंड तरी थंडावेल, असं आमच्या वडनेरातल्या काही लोकांना मनातून वाटलं होतं. झालं उलटंच. अंगातली होती नव्हती ती ताकद तिच्या जिभेवर येऊन बसली. भेटायला येणाऱ्या बायका दारातूनच पदर डोळ्यांना लावत आत यायच्या आणि आत्या पलंगावरून ओरडायची, "काकू, रडाचं असन तर भाईरच रडून या. माह्या अंगावर पाणी सांडलं तर मले पुसता येत नाही!"

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवऱ्याच्या मागं मोटारसायकलवर बसून नांदुऱ्याहून येत होती. वाटेत पदर चाकात गेला. कोणी विचारलं की ती एवढंच सांगायची, "गाडी त्याची, पदर माहा, आन मानही माहीच." नवऱ्यानं थोड्याच दिवसांत तिला माहेरी आणून सोडलं ते कायमचं. त्याच्याबद्दल ती फारसं वाईट बोलत नसे. "त्याले सायकलीचं ष्टँड नीट लावता येत नव्हतं," म्हणायची, "मले काय सांभाळते तो?"

पण हा सगळा रुबाब लोकांसमोरचा. माणसं गेली की ती भिंतीसारखी व्हायची. त्या वर्षी तिनं जेवण सोडलं. आजी वरणभाताचा घास घेऊन तासन् तास उशाशी बसायची आणि आत्या दात घट्ट मिटून घ्यायची. एकदा मात्र तोंड उघडून म्हणाली, "माय, मले जगवून काऊन राह्यली तू?" आजी घास तसाच हातात धरून बसली.

पुढं पाठीला जखमा झाल्या आणि तिला अकोल्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टी होती, म्हणून सोबतीला राहिले. तिथं रूथबाई नावाची एक आया होती, जालन्याकडची. आत्याचं अंग पुसताना ती येशूची गाणी गुणगुणायची. आत्याला डिवचायला कोणीतरी हवंच होतं.

"बाई, तुहा देव एवढा भारी असन तर मले उभी करून दाखव म्हणा त्याले."

"त्याला स्वतःलाच कुठं क्रुसावरून खाली उतरता आलं?" रूथबाई म्हणाली आणि पाठ पुसत राहिली.

तेवढ्यात आत्याच्या नाकावर माशी बसली. आत्याला दुखण्यापेक्षा, कुशीवर वळवून घेण्यापेक्षा, सगळ्यात जास्त राग माशीचा यायचा. दिसते, चालते, गुदगुल्या करते आणि हाकलता येत नाही. रूथबाईनं हात हलवून ती उडवली. आत्या तिच्याकडं बघत राहिली.

"त्याचे हात ठोकलेले होते न?"

"हो."

"मंग माशा?"

"बसल्या असतील की. ऊन होतं, रक्त होतं."

"हाकलत कोण होतं?"

रूथबाईनं ओलं फडकं बादलीत टाकलं. तिला हे आजवर कोणी विचारलं नसावं. "कोणीच नाही," ती म्हणाली.

  आत्या छताकडं बघत म्हणाली, "हा देव माह्या ओळखीचा निघाला." संध्याकाळी मी खिचडी पुढं केली तर तिनं तोंड उघडलं. दोन घास खाऊन म्हणाली, "मीठ कोण टाकते इथं? त्यालेच आधी भरती करा."

घरी आल्यावर आत्यानं येशूला धरल्याचं सांगितलं आणि खरी लढाई झाली. आजीचा देव्हारा आत्याच्या पलंगासमोरच होता.

"आपल्या घरात देव कमी होते का?" आजीनं विचारलं.

"कमी नव्हते, माय. पण सगळे उभे, नाहीतर बसलेले. खिळलेला एकच दिसला."

"शेषावरचा निजलेला नाही का?"

"तो हौसेनं निजला. त्याले उठता येते."

आजी कितीतरी दिवस तिच्याशी बोलली नाही. न बोलता भरवायची, न बोलता वेणी घालायची. आत्या मात्र त्या अबोल्यातही बोलतच असायची. बाप्तिस्म्याला नांदुऱ्याचे पास्टर आले आणि पलंगाशीच तिच्या डोक्यावर पाणी ओतू लागले, तेव्हा ती म्हणाली, "पाणी पडूनच राह्यलं, तर शिकेकाई लावून घ्या. मायचं एक काम कमी होईन." पास्टर बिचारे अर्ध्या प्रार्थनेत हसले. स्वयंपाकघरातून आजीच्या हसण्याचाही आवाज आला आणि अबोला तिथंच संपला.

येशूच्या गोष्टी मी तिला वाचून दाखवायचे. लुळ्या माणसाला त्याच्या मित्रांनी छप्पर उघडून खाली सोडलं, ही गोष्ट ऐकून ती त्या मित्रांवर खूश झाली, पण दिवसभर विचारत राहिली, "त्या घरवाल्याचं छप्पर कोणी शाकारून देल्लं का नाही?"

एकदा कुठूनसा एक प्रचारक आला. त्यानं तिच्या कपाळावर हात दाबून "ऊठ! ऊठ!" असा आरडाओरडा केला. आत्यानं त्याला दमू दिलं. मग म्हणाली, "भाऊ, मी उठली तर नाव तुहं, आन नाही उठली तर माह्या विश्वासात खोट. हा खेळ बरा आहे तुहा. बस, चहा घे." तो चहा न घेताच गेला. तो गेल्यावर मात्र तिच्या डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं, ते मी पुसलं. तिलाही उठायचंच होतं.

आमच्या नात्यातला उंद्रीचा एक वायरमन खांबावरून पडला. त्याचीही तीच गत झाली. तो भिंतीकडं तोंड करून पडलाय, घोटभर पाणीही घेत नाही, असं कळल्यावर आत्या हट्टालाच पेटली. शेवटी गाडीत गादी टाकून आम्ही तिला उंद्रीला नेलं आणि तिची खाट त्याच्या खाटेला लावली.

"तुह्या छताले पंखा तरी आहे," आत्यानं सुरुवात केली. "माह्या छताले नुसती पाल."

 भिंतीलाच विचारल्यासारखं त्यानं विचारलं, "आत्या, तुमचा देव मले उभं करन का?"

"मले तर नाही केलं. खोटं काऊन सांगू?"

"मंग करते तरी काय तो?"

"संग पडून राह्यते. आन एक दिवस उठवीन म्हणते. मी त्याच्या बोलण्यावर टिकून आहे."

तो रडायला लागला. आत्यानं त्याला रडू दिलं. या वेळी एकही टोमणा मारला नाही. त्याचा भर ओसरल्यावर म्हणाली, "आता पाणी पे. तू पेल्याशिवाय मले कोणी चहा देत नाही इथं." त्यानं मान वळवली. त्याच्या बायकोनं चमच्यानं पाणी पाजलं. पुढं तो रोज फोनवर आत्याशी भांडायचा.

गेल्या हिवाळ्यात तिच्या छातीत कफ झाला आणि तो हटेना. डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा तिनंच घरी आणायला लावलं. मी उशाशी होते, आजी पायथ्याशी बसून तिचे पाय चेपत होती. त्या पायांना काही कळत नाही, हे ठाऊक असून आजी रोज चेपायची.

"भीती वाटते का गं?" मी विचारलं.

"वाटते न. त्यालेही वाटली होती, मरणाच्या आदल्या राती."

"त्याच्यापुढं गेल्यावर आधी काय करशील?"

दम लागला होता, तरी हसली. "आधी सोताच्या हातानं डोकं खाजवीन. चांगलं कचाकचा. मंग त्याच्या पाया पडीन. सांगून ठेवलं आहे त्याले, घाई करू नको म्हणून."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. नांदुऱ्याहून मंडळी आली. कोणीतरी तिचे हात छातीवर जुळवून कापडाच्या पट्टीनं बांधले, नेताना खाली पडू नयेत म्हणून. पास्टरांची प्रार्थना चालू असतानाच आजी उठली, शवपेटीजवळ गेली आणि त्या पट्टीची गाठ सोडू लागली. कोणीतरी तिला हलकेच आवरायला पुढं झालं.

"राहू द्या मोकळे," आजी म्हणाली. "पोरीले काम आहे."