विकत घेतलेला भाव

दर शनिवारी कचेरीतला एक कारकून जामसंड्याच्या बाजारात भाव टिपायला येई. तांदूळ, रॉकेल, बांगडे यांचे त्याचे आकडे वर सरकारकडे जात आणि त्यांवर शाळामास्तरांचा महागाई भत्ता ठरे. "ऐकलेला भाव भाव नव्हे," असे म्हणत तो प्रत्येक जिन्नस थोडा विकत घेई आणि मगच वहीत लिही.

कोपऱ्यावरची मासळीवाली इतरांना बारा आण्यांना दिलेला बांगड्यांचा वाटा त्याला आठ आण्यांत देई. तिचे अर्ज तो फुकट लिहून देत असे.

मी तेव्हा मास्तरांच्या मागण्यांची पत्रके वाटत हिंडायचो. भर बाजारात मी त्याला गाठले. "रावसाहेब, या बाया तुम्हाला सवलतीत देतात आणि तुम्ही तोच भाव सरकारला कळवता! मास्तरांनी खायचे काय?" लोक हसले. त्याने वही मिटली.

पुढच्या शनिवारी त्याने तिच्यापुढे बारा आण्यांच्या हिशेबाने सहा आणे ठेवले आणि अर्धाच वाटा मागितला.

"भाऊनू, आमी तुमका परकी झालंव काय?" ती चिडून म्हणाली.

"बाये, जो भाव सगळ्यांका, तोच माका."

त्यानंतर तिने अर्जासाठी दुसरा माणूस शोधला.

माझे म्हणणे खरे होते, हे मी आजही सोडणार नाही. पण तेच मी त्याला बाजूला घेऊन सांगितले असते, तर त्याने वहीत बारा आणे लिहिले असते आणि तिने आठ आण्यांत दिलेला पुरा वाटा घरी नेला असता.