ढोके मॅडम आणि वारेच्या पेशी

इन्क्युबेटरचं दार उघडण्याआधी ढोके मॅडम त्यावर बोटानं टकटक करायच्या. "काय वं बायांनो, जेवल्या का?" आत बाया कुठल्या, वारेच्या पेशी! पोटातल्या बाळाला आईकडून जे मिळतं ते वारेतूनच. म्हणून नागपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत या पेशी प्लास्टिकच्या इवल्याशा पेल्यांत, चाळणीसारख्या पडद्यावर वाढवत. वरून औषध टाकायचं आणि खाली किती उतरतं ते मोजायचं. "वर माय, खाली लेकरू," एवढ्यात मॅडम सगळा विषय उरकायच्या.

बाई मोठ्या बोलघेवड्या. डब्यात भिवापुरी मिरचीचा ठेचा ठरलेला. तो खाऊन माझ्या डोळ्यांत पाणी आलं की विचारायच्या, "रडून काहून राहिली? पेशी मेल्या का?"

निवृत्तीच्या तोंडावर त्यांचा शेवटचा शोधनिबंध स्वीकारला गेला. अर्धशिशीची एक गोळी बाळापर्यंत पोचतच नाही, असा निष्कर्ष. कित्येक वर्षांची मेहनत ती! मॅडमनी अख्ख्या विभागाला संत्रा बर्फी वाटली. छापायला जाण्याआधी मी आकडे पुन्हा तपासायला बसले आणि घोळ लक्षात आला. खाली औषध नव्हतं हे खरं, पण टाकलं होतं तेवढं वरही उरलं नव्हतं. रिकामा पेला धुऊन ते पाणी तपासलं, तर औषध प्लास्टिकलाच चिकटून बसलेलं. म्हणजे ते बाळापर्यंत जातं की नाही, हे आम्हाला कळलंच नव्हतं.

मी अडखळत मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं बोलली. एखादी पोटुशी बाई माझ्या भरवशावर गोळी खाऊन बसली असती ना." आणि लगेच संपादकांना फोन करून त्यांनी निबंध मागे घेतला. वर माझीच समजूत काढली, "तोंड काहून पाडून राहिली? बर्फी तर खाऊन झाली."

तो निबंध न छापताच त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात ही फजिती त्यांनी इतकी रंगवून सांगितली की पाहुणेही पोट धरून हसले.

गेल्या वर्षी मला दिवस गेले आणि अर्धशिशीनं नुसता उच्छाद मांडला. सगळं ठाऊक असूनही मी डॉक्टरबाईंना विचारलंच, ती गोळी घेऊ का? त्या म्हणाल्या, "बाळाला चालते की नाही, नक्की माहीत नाही. नको." निबंध छापला असता तर कदाचित त्यांनी ती लिहूनही दिली असती. मला मॅडमचा फार अभिमान वाटला. घरी येऊन डोक्याला घट्ट फडकं बांधलं आणि त्यांना फोन लावून सगळं सांगितलं.

"दुखू दे वं थोडं," मॅडम खुशीत म्हणाल्या. "माहीत नाही म्हणाली ना? त्या डॉक्टरबाईले माझा नमस्कार सांग."