रखमाजीची खुर्ची

रखमाजी धनगराला अक्षरओळख नव्हती, आणि खुनी ओळखण्यात अख्ख्या जालन्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आज मी हे हसत लिहितो. तेव्हा माझा नुसता जळफळाट व्हायचा.

अण्णांचं जुन्या पुस्तकांचं दुकान म्हणजे सरकीचं बंद पडलेलं गोदाम. आत पुस्तकांच्या गल्ल्याच गल्ल्या. शिरलेला माणूस हाक मारल्याशिवाय सापडत नसे. तेव्हा निजामाचं राज्य, म्हणून शुक्रवारी शाळेला सुट्टी. दुपारी आम्ही आठ-दहा जण तिथे रहस्यकथा ऐकायला जमायचो. मी शाळामास्तर, म्हणून वाचन माझ्याकडे. पण शेवटचं प्रकरण अण्णा आधीच उसवून पत्र्याच्या डब्यात ठेवत. प्रत्येकाने खुनी कोण ते सांगायचं, मगच डबा उघडायचा. ज्याचं बरोबर येईल त्याला पुढच्या शुक्रवारी दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीचा मान.

ती खुर्ची कायम रखमाजीची. केदारखेड्याहून घोंगड्या विकायला यायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि शेवटी एकच नाव घ्यायचा. वाचायचो मी, ओळखायचा तो! वर मिळालेल्या खुर्चीवर घोंगडी ठेवून स्वतः खालीच बसायचा. "वर बसलं की मला ऐकूच येत न्हाई, गुरुजी," म्हणायचा. मी जिच्यासाठी झुरत होतो, तिच्यावर याची घोंगडी!

"तुला कळतं तरी कसं रे?" एकदा न राहवून मी विचारलं.

"त्यात काय हाय? एरवी वरडणारं मेंढरू एकदम गुमान झालं की समजायचं, पायात काटा हाय."

शेवटी माझी मती फिरली. एका गुरुवारी संध्याकाळी अण्णा चहाला गेले, तेवढ्यात मी डबा उघडून शेवटचं प्रकरण वाचून घेतलं. एरवी मी पानापानाला थांबून माझे तर्क ऐकवायचो. दुसऱ्या दिवशी मात्र सरळ वाचत गेलो. नावं सांगायची वेळ आली. रखमाजीने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आज बिलकुल उमगलं न्हाई बुवा." मी नाव सांगितलं. डबा उघडला, टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठी टाळी रखमाजीची होती. पुढच्या शुक्रवारी मी ऐटीत खुर्चीत बसलो.

अठ्ठेचाळीस साली सगळीकडे गडबड वाढली आणि अण्णांनी दुकान बंद केलं. रखमाजीही मेंढरं घेऊन दूर मुलखात निघाला. जाण्याआधी निरोप घ्यायला शाळेत आला. डोळे भरून यायच्या ऐवजी माझ्या तोंडून जुनीच खुमखुमी बाहेर पडली, "एकदा तरी हरलास की नाही माझ्यापुढे?"

"हरलो की, गुरुजी. बराबर हाय." तो दारापर्यंत गेला, थांबला, खांद्यावरची घोंगडी सारखी केली. "राग धरू नका. पर त्या दिवशी तुमी लई गुमान वाचलं."

आयुष्यात एकदाच मी त्या खुर्चीत बसलो होतो. तीही त्यानेच दिलेली निघाली.