दाजींचा झीलकरी

या जगात कुठलीही गोष्ट एकच असू नये, असं छातीठोकपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे दाजी. खरं तर ते माझ्या बायकोचे दाजी, तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. म्हणजे माझे साडू. पण आमच्याकडे साडूला साडू म्हणून हाक मारली की भांडण काढल्यासारखं वाटतं, म्हणून मीही त्यांना दाजीच म्हणत आलो. ते मला मास्तर म्हणत. मी कधी कुठल्या शाळेत शिकवलं नाही. पण चष्मा लावून पुस्तक वाचत बसलेल्या माणसाला मास्तरशिवाय दुसरं काही म्हणता येतं, हे त्यांना मान्य नव्हतं.

दाजींच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असत. डावं वेळ सांगे आणि उजवं त्याला साक्ष देई. दोघांत एखाद्या मिनिटाचा फरक पडला की दाजी कासावीस होत आणि माझं घड्याळ बघायला माझ्याकडे येत. "दोघांची जुंपलीया, मास्तर. निवाडा कुणी करायचा?" त्यांच्या सायकलला दोन घंट्या होत्या. सदऱ्याच्या खिशात दोन पेनं होती, आणि चपलांना लोक जोड म्हणतात ही त्यांना शुद्ध फसवणूक वाटे. डावी तुटली तर उजवी काय कामाची? त्यांची नेहमी डावीच तुटे, म्हणून पिशवीत एक जादा डावी चप्पल असे, नुसती डावी. कुणी हसलं तर ते आपल्या नाकाकडे बोट दाखवत. "देवानं नाकपुड्या दोन दिल्यात त्या काय हौस म्हणून? सर्दी व्हती, हे त्येला ठावं हुतं."

औंधला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं तेव्हा दाजींनी बरोबर दुसरा अंतरपाट नेला. इथवर ठीक होतं. पण त्यांनी कुणाला न सांगता फलटणहून दुसरे भटजीही आणून मांडवात बसवले होते. मंगलाष्टकं चालू असताना पहिल्या भटजींना ठसका लागला, आणि ठसका संपायच्या आत मागच्या रांगेतून दुसऱ्यांनी पुढची ओळ उचलली. अक्षता टाकणाऱ्या एकाही हाताला खंड पडला नाही. पहिले भटजी जेवायला थांबले नाहीत ते नाहीतच. यजमान हात जोडून त्यांच्यामागे यष्टीच्या थांब्यापर्यंत गेले. दाजींना मात्र आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. "मंगलाष्टक अर्ध्यावर थांबलं असतं, तर पोरीनं तितका वेळ काय करायचं हुतं? ना हिकडची, ना तिकडची!"

दाजींचं गाव औंधच्या अलीकडचं. घराण्यात थोडी शेती आणि पुष्कळशी पलटण. तेही सैन्यात सिग्नलला, म्हणजे वायरलेसवर होते. हवालदार होऊन परतले आणि सत्तर सालानंतर लवकरच, मिरजेच्या अलीकडच्या माळावर असलेल्या एका लहानशा रेडिओ केंद्रात तंत्रज्ञ म्हणून लागले. मी तिथे आधीपासूनच होतो. तबकड्यांचं कपाट सांभाळायला. आता केंद्र म्हटलं की लोकांना मनोरा दिसतो. पण मनोरा नुसता उभा असतो. खरा कारभार आतल्या खोलीतल्या एका टेबलावर चाले. निवेदकाचा आवाज, तबकड्यांवरची गाणी, बाहेरून येणाऱ्या बातम्या, सगळं त्या कंट्रोलच्या टेबलावर येई आणि तिथून मनोऱ्याकडे जाई. ते टेबल थांबलं की पाच तालुके मुके. आणि असं टेबल केंद्रात एकच होतं.

दाजींनी पहिल्या दिवशी त्या टेबलाला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "दुसरं कुठं हाय?"

दुसरं नव्हतं. "सुटे भाग कपाटात आहेत," असं कुणीतरी म्हणालं. त्यावर दाजी जे बोलले ते मी त्यानंतर शंभरदा ऐकलं. "कपाटात ठेवलेलं ते दुसरं न्हवं. ते नुसतं सामान. दुसरं म्हंजी पहिल्याच्या बरोबरीनं जागं पायजे."

हे त्यांना कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. गावच्या शाहिराच्या फडात ते तरुणपणी झीलकरी होते. शाहीर पोवाडा गातो. त्याच्या मागे उभा राहून जो 'जी जी रं जी' म्हणतो, शाहिराचा श्वास सरला की सूर हातात घेतो आणि त्याला दम आला की परत देतो, तो झीलकरी. तो पोवाड्यातलं प्रत्येक अक्षर मनात गात असतो, म्हणूनच ऐनवेळी तो चुकत नाही. दाजी अभिमानानं सांगत, "मी कवाच शाहीर झालो न्हाई. झीलकरीच." मोडीत काढलेल्या सामानातून, ड्यूटी संपल्यावर रोज तासदोन तास खपून त्यांनी दुसरं टेबल उभं केलं. ते सतत चालू राही, पहिल्याला येणारा प्रत्येक आवाज त्यालाही येई, आणि पहिलं पडलं की आपोआप सूर उचलायची त्यात योजना होती. त्यावर दाजींनी लाल ऑइलपेंटनं, शक्य तितक्या मोठ्या अक्षरांत लिहिलं: झीलकरी.

पहिल्या परीक्षेत झीलकरी साफ नापास झाला. दुपारी बायकांच्या कार्यक्रमात कुणी बाई एक पदार्थ सांगत होत्या. "तेल चांगलं तापलं की आता त्यात घाला..." एवढं म्हणाल्या आणि कंट्रोलचा फ्यूज गेला. पहिलं टेबल बंद पडलं आणि त्याच क्षणी दुसरंही. दाजींनी दोघांना वीज एकाच फ्यूजमधून दिली होती. चार मिनिटं पाच तालुक्यांतल्या बायका हातात झारा धरून उभ्या होत्या. संध्याकाळी आक्का, म्हणजे दाजींच्या पत्नी, दारातच कढई घेऊन उभ्या होत्या. "घाला काय, ते तरी सांगा! जळली की माझी कढई."

दाजींनी कढईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दोघं एकाच ताटात जेवत हुती, मास्तर. ताट सांडलं, दोघंबी उपाशी." दुसऱ्याच दिवशी झीलकऱ्याला स्वतःची बॅटरी मिळाली.

माझ्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला प्रत्येक वेडामागे एक कारण लागतं. मला वाटे, सरहद्दीवर कधीतरी यांचा एकुलता वायरलेस बंद पडला असेल, कुणी जिवाभावाचं गेलं असेल. एकदा धीर करून विचारलं. दाजी खो खो हसले. "तसलं कायबी न्हाई झालं. आमचे सेट लय ब्येस हुते. पुस्तकातलं काढू नका, मास्तर. मला मुकं सोसत न्हाई, बास."

दोन टेबलं झाली तरी त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. ती टेबलं सांभाळणारा माणूस एकच होता ना! म्हणून त्यांनी मला धरलं. मला साधा बल्ब बदलायला भीती वाटे. पण दर सोमवारी दुपारी दाजी झीलकऱ्याची तपासणी करत, आणि मला शेजारी उभं राहून प्रत्येक गोष्ट आपल्या हातानं करून दाखवावी लागे. "मी न्हाई असं समजा," म्हणून ते खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहत. माझा हात चुकला की भिंतीकडूनच खाकरत.

मग वरच्या कचेरीतून एक साहेब तपासणीला आले. चांगले शिकलेले, नीटनेटके, हातात आराखड्याची गुंडाळी. त्यांनी लाल अक्षरं वाचली.

"हे काय आहे?"

"झीलकरी हाय, सायेब."

"हे मंजूर आराखड्यात नाही."

"आराखडा कवा बंद पडत न्हाई सायेब. मशीन पडतं."

साहेबांचा चेहरा ताठ झाला. आठ दिवसांत हे काढून टाका, नाहीतर नोकरीचा विचार करावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. दाजी अदबीनं म्हणाले, "लिवून द्या. दोन परतीत."

साहेबांनी खरोखरच लिहून दिलं. उत्तर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी रात्रंदिवस खपून तीन पानं लिहिली, 'सविनय'पासून 'कृपाभिलाषी'पर्यंत. दाजींनी ती सावकाश वाचली. "ह्यात 'काढणार न्हाई' कुठं हाय?"

"शेवटच्या परिच्छेदात तसं सूचित केलंय."

"सूचित करू नका, मास्तर. लिवा."

माझी तीन पानं त्यांनी घडी करून खिशात ठेवली आणि एक ओळ लिहून घेतली: 'सदर यंत्र मी काढणार नाही, ज्यांना काढायचे असेल त्यांनी प्रक्षेपण बंद पडल्यास जबाबदारी आपली, असे लिहून सही करून काढावे.' खाली आपलं नाव, हुद्दा. मी म्हटलं, "दाजी, नोकरी जाईल." त्या महिन्यात आक्का मिरजेच्या दवाखान्यात होत्या, पोटाचं ऑपरेशन होऊन. नोकरी जायची ती वेळ नव्हती. दाजी म्हणाले, "ती खाटंवर रेडिओ लावून पडल्याली असती. आवाज आला की ती समजती, मी हितं हाय. त्यो बंद पडला तर तिनं काय समजायचं?"

आठव्या दिवशी दुपारी साहेब दोन मिस्त्री घेऊन आले. "दोन आणलं, बरं केलं," दाजी म्हणाले. शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू होता. निवेदक पिकावरच्या औषधाची कृती वाचत होता. दाजी पहिल्या टेबलाशी गेले. "सायेब, काढायचाच तर कामाचा हाय का न्हाई ते बगून काढा." आणि चालू कार्यक्रमात त्यांनी पहिल्या टेबलाचा मुख्य फ्यूज उपटून साहेबांच्या हातात दिला.

कोपऱ्यातल्या स्पीकरमधून आवाज आला, "दहा लिटर पाण्यात..." मग एक बारीकसा 'टक्'. मग, "...मिसळून फवारावे." झीलकऱ्यानं सूर उचलला होता. निवेदकाला स्वतःलाही काही कळलं नाही. साहेब हातातल्या फ्यूजकडे पाहत उभे राहिले.

"तो परत बसवा," शेवटी ते म्हणाले.

"बसवतो की. पर झीलकरी काढायचा आसंल तर सही करा."

साहेबांनी सही केली नाही. आपला हुकूम परत मागून घेतला आणि चार तुकडे केले. दाजींनी उजव्या खिशाला हात लावून दाखवला. दुसरी प्रत तिथे होती. दारातून बाहेर पडताना साहेब एवढंच म्हणाले, "निदान त्यावरचं ते नाव तरी पुसा." दुसऱ्या दिवशी त्या नावाच्या अक्षरांवर लाल रंगाचा दुसरा हात बसला.

त्या संध्याकाळी आम्ही मिरजेला गेलो. आक्का उशीला टेकून बसल्या होत्या. आम्हाला पाहताच म्हणाल्या, "आज औषधाच्या मधी काय केलंत? टक् झालं." पाच तालुक्यांत ते एकट्या आक्कांना ऐकू आलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दाजींचा चेहरा मात्र पडला. पुढचा महिनाभर ते त्या 'टक्'च्या मागे होते.

दाजी गेले ते एका साध्या सकाळी, दाढी करता करता. छातीत कळ आली आणि संपलं. दहापर्यंत माळापलीकडच्या ओढ्यावर सगळं आटोपलं. दुपारची ड्यूटी त्यांची होती आणि बदली माणूस मिळत नव्हता. माझे केस ओले होते. स्मशानातून आल्या आल्या कामाला जातोय म्हणून नातेवाईक कुजबुजले, आणि एका वडीलधाऱ्यांनी तर माझी वाट अडवली. आक्का आतून म्हणाल्या, "जाऊ द्या त्येस्नी. मी रेडिओ लावणार हाय." मी गेलो. टेबलाशी बसलो. माझा हात कुठे चुकला नाही. कोपऱ्यातून कुणी खाकरलं नाही.

चार दिवसांनी केंद्रात शोकसभा झाली. भाषणं झाली, हार घातला गेला, आणि केंद्राचे प्रमुख म्हणाले, "आता आपण सर्वांनी दोन मिनिटं शांत उभं राहू या."

मी आयुष्यात कुठल्याही सभेत तोंड उघडलेलं नाही. पण मी म्हणालो, "नाही." सगळे वळले. "शांतता नको. त्यांना मुकं सोसत नसे." प्रमुखांनी समजुतीच्या सुरात विचारलं, "मग काय करायचं, मास्तर?" मला गाता येत नाही. मी चार हजार तबकड्यांचा कारकून आहे. पण खोलीतली ती शांतता वाढायला लागली आणि माझ्या तोंडून फाटका, बेसूर आवाज निघाला: "जी जी रं जी." कुणी हसलं नाही. मला श्वास पुरेना. मी थांबणार, एवढ्यात मागून आमच्या म्हाताऱ्या शिपायानं सूर उचलला, मग निवेदकानं, मग सगळ्यांनीच. दोन मिनिटांपेक्षा पुष्कळ जास्त झालं असेल. मी घड्याळ पाहिलं नाही.

लोक मला सांगतात, आता विसरा, लिहून काय होणार. मी विसरणार नाही. सूचित करत नाही, लिहितो.

दाजींचं डाव्या हाताचं घड्याळ आक्कांनी मला दिलं, उजव्या हाताचं स्वतःकडे ठेवलं. आम्ही दोघंही रोज सकाळी आपापल्या घड्याळाला किल्ली देतो. रविवारी मी त्यांच्याकडे गेलो की आम्ही दोन्ही घड्याळं शेजारी शेजारी ठेवून बघतो. हल्ली त्यांत एका मिनिटाचा फरक पडू लागला आहे. कोणतं बरोबर, ते आम्हा दोघांनाही सांगता येत नाही.