वाढदिवसाचे मेसेज बंद करण्याची सोय

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

कामोठ्यात एका गाळ्यात बसून मी दुकानदारांचे जाहिरातीचे मेसेज पाठवायचो. पनवेलच्या एका लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानाचं काम सगळ्यात मोठं. तिथला शेठ बारशाला सजवलेला पाळणा फुकट वापरायला द्यायचा आणि बदल्यात वहीत बाळाचं नाव, जन्मतारीख, गाव, आईचा मोबाइल नंबर लिहून घ्यायचा. मग दर वाढदिवसाला माझा कॉम्प्युटर त्या आईला आपोआप कळवायचा, बाळाच्या नावानिशी: आज दोन वर्षांचा झाला, नवे कपडे घ्यायला या. खाली एक ओळ असायची. मेसेज नको असल्यास या नंबरवर 'स्टॉप' लिहून पाठवा.

तो नंबर माझ्या खणातल्या जुन्या फोनचा. आलेले नकार वाचून नंबर यादीतून काढायचे, हे माझं काम. सुरुवातीला महिनाभर केलं, तर शेठ भडकला.

"यादी लहान कशी झाली रे? पोरं उलटी वाढायला लागली का पनवेलात?"

"लोक नको म्हणतात, शेठ."

"तू विचारत बसलास तर म्हणणारच! ओळ राहू दे, बरी दिसते. फोन बघत जाऊ नकोस."

शेठनं सांगितलं म्हणून बघणं सोडलं, असं मी स्वतःला समजावत आलो. खरं म्हणजे मलाच ते सोपं पडत होतं. आवाज बंद करून फोन पालथा ठेवायचो. लाकडी खणात तो थरथरायचा. मी टाइप करता करता थांबायचो, थरथर संपली की पुढे सुरू.

मग एका दुपारी त्या फोनची बॅटरी फुगली. सिम दुसऱ्या फोनात घालण्याआधी मेसेज उघडले. शेकडो होते. त्यात सुकापूरच्या एका बाईचे, दर वर्षी त्याच तारखेला.

पहिल्या वर्षी: स्टॉप. लगेच पुन्हा: स्टॉप. बाळ नाय आता.

दुसऱ्या वर्षी: बंद करा ना. पाया पडते.

तिसऱ्या वर्षी काहीच नाही.

चौथ्या वर्षी: हो. चार पुरे झाले.

पाचव्या: शाळेत जाताना रडतो.

सहाव्या: खालचा दात हलतोय.

शेठकडून आलेल्या वहीशी ताडून पाहिलं. नंबर तिचाच, तारीख बाळाच्या जन्माचीच. मी तिचा नंबर यादीतून काढला. सहा वर्षं जे केलं नाही, त्याला एक मिनिटही लागलं नाही.

सातव्या वाढदिवसाला, संध्याकाळी, त्याच नंबरवर तिचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"दादा, आज आमच्या पोराचा मेसेज नाय आला."

मी सगळं कबूल केलं. तुमचे नकार कधी वाचलेच नाहीत, चूक माझी, आता पुन्हा येणार नाही. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"हात जोडले तवा कुनी ऐकलं नाय," ती म्हणाली. "घरात सगळी बोलतात, विसर. त्याचं नाव घेनारे तुमीच तेवढे. आता तुमी बंद केलं, मंग तो सातचा कसा व्हायचा?"

ताई, ते नाव माणूस घेत नव्हता, हे मला सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं, "पाठवतो."

ते काम सोडून मला दोन वर्षं झाली. तो एक मेसेज मात्र मी दर वर्षी माझ्या फोनवरून, स्वतः लिहून पाठवतो. दुकानाचं नाव नसतं. खाली लिहितो: नको वाटलं की नुसतं 'नको' म्हणा, मी वाचतो.

यंदा तिचं उत्तर दहा मिनिटांत आलं.

"तो विचारतोय, हे काका आपल्याकडे कधी येनार?"

मी ते वाचलंय, हे तिला निळ्या खुणांवरून दिसत असणार. उत्तर अजून दिलेलं नाही.