घरात रिकामं असेल ते

माझ्या वर्गात विकत आणलेलं फार थोडं आहे. सीमाभागातल्या औरादजवळच्या एका खेड्यातली ही मराठी शाळा. पुस्तकं आणि खडू सरकार देतं, बाकीचं आपलं आपण बघायचं. मी बघते. तेलाच्या मोठ्या डब्याचा वरचा पत्रा कापून त्यात नकाशे उभे केलेत. साडीच्या खोक्यांचे कप्पे भिंतीला लावलेत, एकेका मुलाची चित्रं एकेका कप्प्यात. आमच्याकडं लग्नाची पत्रिका एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये छापतात. त्या पत्रिका कापून मी अक्षरं करते, दोन्ही भाषांचं भागतं. नवरा म्हणतो, "तुझ्यामुळं भंगारवाला आपल्या गल्लीत यायचा बंद झाला." म्हणू दे.

'टाकाऊपासून टिकाऊ' हे शब्द मात्र मला कधी पटले नाहीत. ते प्रदर्शनाच्या फलकावर शोभतात. आमच्या मुलांच्या घरी टाकायला असतं काय? म्हणून मी वर्गात एवढंच सांगायची, "घरात रिकामं असंल ते आणा." काड्यापेट्या येत, बाटल्या येत, कुणी करवंटी आणी. एकदा एकानं मांजर आणलं होतं, ते घरात रिकामंच बसून असतं म्हणून.

गेल्या साली दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी पुन्हा तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसरीतली एक मुलगी स्टीलचा डबा घेऊन आली. चांगला जड, कडीचा, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेला. शाळेत दुपारचं जेवण मिळतं, त्यामुळं मुलांच्या दप्तरात डबा नसतोच. मला वाटलं, हिला कळलं नसावं.

"अगं, हा तर वापरातला डबा आहे. मी रिकामा आणायला सांगितला होता."

तिनं कडी काढली आणि डबा माझ्यापुढं उघडा धरला.

"रिकामाच हाय की बाई. बाचा हाय."

तिचा बाप औरादच्या दालमिलमध्ये हमाली करायचा. पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. मला हे ठाऊक होतं. त्यांच्या घरी मी जाऊनही आले होते, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींखाली सतरंजीवर बसून. तरीही 'वापरातला' असं मी बोलून गेले. डबा परत ने, असं म्हणायला जीभ उचलेना. मी त्यात खडू भरले आणि तो टेबलाजवळच्या फळीवर ठेवला.

त्या दिवसापासून खडूचा कारभार तिच्याकडं गेला. फळ्यावर लिहायला कुणी उठलं की ती आधी उठायची, कडी काढायची, खडू मोजून द्यायची आणि परत घ्यायची. तुकडासुद्धा परत घ्यायची. मलाही सोडायची नाही. "बाई, तुमच्याकडं एक ऱ्हायलाय." शाळा सुटताना झाकण फ्रॉकनं पुसायची. बाप गेल्यापासून कोपऱ्यात बसणारी पोर वर्गात मिरवू लागली होती आणि मी स्वतःवर खूश होते.

मग एका सकाळी तिची आई दारात आली. ती हुमनाबादकडची, घरी कन्नड बोलणारी. लेक तिला अव्वा म्हणते.

"बाई, डबा न्यायला आलेय. किती धुंडला घरात."

मी ओशाळले. "मला वाटलं, तिनं विचारून आणला."

"ऱ्हाऊ द्या. उद्यापासून मी मिलीला जायलेय. मालकानं त्यांच्या जागी घेतलंय, डाळीच्या निवडाईला."

एवढ्यात मुलगी फळीकडं धावली आणि डबा पोटाशी धरून उभी राहिली.

"अव्वा, ह्यो रिकामा न्हाई. ह्यात खडू हायत."

खरं सांगते, मला त्या बाईचा राग आला. एका डब्यासाठी पोरीला परत कोपऱ्यात ढकलायला निघाली, असं वाटलं. मी म्हणाले, "मी तुम्हाला नवा डबा आणून देते. हा राहू दे तिच्याजवळ."

"नवा कामून?" ती म्हणाली. "तिथं समदे ह्या डब्याला वळखतेत. ह्यो हातात दिसला की मी कुणाची हाय, ते कुणी इचारायचं न्हाई."

अनोळखी माणसांत पहिल्यांदा पाऊल टाकायचं होतं तिला. डब्याची गरज पोरीला होती तितकीच आईला होती.

तिनं डबा ओढून घेतला नाही. ती मुलांच्या बस्करावर खाली बसली आणि लेकीला कन्नडमध्ये म्हणाली, मी भाकरी कशात नेऊ, तूच सांग.

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. थोड्या वेळानं तिनं खडू माझ्या टेबलावर ओतले, तळाची भुकटी उलटी करून झटकली, डबा आतून फ्रॉकच्या घेरानं पुसला, कडी लावली आणि आईच्या हातात दिला. मग जागेवर जाऊन बसली. दिवसभर खडू मीच दिले आणि तुकडे मोजायला कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी शाळेसमोर मिलीचा टेम्पो थांबला. बायका चढू लागल्या. सगळी मुलं डोळे मिटून उभी होती, ही मात्र टक्क उघड्या डोळ्यांनी रस्त्याकडं बघत होती. तिच्या आईनं आधी डबा वर दिला, आतल्या एका म्हाताऱ्या बाईनं तो घेतला, बघितला आणि सरकून आपल्याशेजारी जागा केली. मग आई चढली. टेम्पो गेला.

वर्गात आल्यावर मी खडू एका करवंटीत काढून ठेवले. मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता रडणार.

"बाई," ती म्हणाली, "आज डबा मी भरला. भाकर अव्वानं केली, पर भरला मी."

आणि करवंटीतले खडू मोजायला बसली.