काकूंची बुटकी गाडी

काकू आधी जमिनीवर स्टूल ठेवत. मग पदर खोचत. मग स्टुलावर चढून, दरवाज्याला धरून ड्रायव्हरच्या सीटवर पोचत, आणि स्टुलाला बांधलेली सुतळी ओढून तेही आत घेत. नया बाजारातली आमची गल्ली हा कार्यक्रम नेमाने पाही. कुणी हात द्यायला पुढे झालं की काकू म्हणत, "राहू दे रे, मला काय पहाड चढायचाय?"

गाडी म्हणजे त्यांच्या यजमानांचा जुना पिकअप ट्रक. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारा, चांगलाच उंच. यजमान दगडखाणींची कंत्राटं घेत, त्यांना तशीच गाडी लागे. ते होते तोवर काकू कायम डाव्या सीटवर. ते गेले आणि साठी उलटलेल्या काकू गाडी चालवायला शिकल्या. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. लोक 'आता हिचं कसं होणार' म्हणत असतात आणि ती भलत्याच उद्योगाला लागलेली असते.

दर गुरुवारी त्या किल्ल्याच्या पायथ्याशी, किला गेटला जावेकडे जात. जाऊबाईंचे गुडघे गेलेले. स्टूल सोडा, शिडी लावली तरी त्या गाडीत चढल्या नसत्या. आणि काकूंना उतरायचा कंटाळा. मग जाऊबाई ओट्यावर, काकू गाडीत, आणि खिडकीतून तासभर गप्पा.

एकदा स्टूल कलंडलं. काकूंचं कोपर सोलून निघालं. पुण्याहून मुलाचा फोन आला, "आई, आता बस. गाडी विकायची." गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं: मित्रांबरोबर चंबळच्या घळींमध्ये गाड्या घालायचा शौक असलेला एक तरुण. तो लवकरच गाडी बघायला येणार होता.

काकू मला म्हणाल्या, "उद्या माझ्यासोबत हजीऱ्याला चल. तिथल्या गाडीच्या मिस्त्रीकडे काम आहे. तू फक्त उभा राहा."

मिस्त्रीने मलाच विचारलं, "साहब, क्या करवाना है?"

"आगे का फोर-व्हील वाला सब निकाल दो," काकू म्हणाल्या. "पिछले दो पहियों पे चलेगी. और गाड़ी नीची कर दो."

मिस्त्री माझ्याकडेच बघत राहिला. "साहब, माताजी क्या कह रही हैं? लोग तो ऊँची करवाने आते हैं!"

"इनसे क्या पूछते हो? ये स्कूटर वाले हैं."

"पर माताजी, पहाड़ पे कैसे चढ़ेगी?"

"हमें कौन सा पहाड़ चढ़ना है!"

काम सुरू झालं. पुढच्या चाकांना फिरवणारा जडशीळ एक्सल निघाला, जागी साधा बसला. स्प्रिंगांचे पाटे कमी झाले, चाकंही लहान आली. प्रत्येक भाग बाहेर येताना मिस्त्री हळहळायचा, आणि काकू खुर्चीत बसून त्याला चहा पाजायच्या. शेवटी उभ्या माणसाने मांडी घालावी तशी गाडी खाली बसली.

मग गिऱ्हाईक आलं. त्याने गाडीला फेरी मारली, उकिडवा बसून खाली पाहिलं आणि तसाच बसून राहिला.

"आंटी, इसका फोर-बाय-फोर कहाँ गया?"

"निकलवा दिया, बेटा."

"क्यों?"

"काम का नहीं था."

पोरगा उठला. बॉनेटवर सांत्वनाला ठेवावा तसा हात ठेवला आणि चहाही न घेता गेला. काकू कुंडीतल्या तुळशीची वाळलेली पानं खुडत होत्या. चेहरा इतका भोळा, की माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला.

"काकू, हे मुद्दाम केलंत!"

"छे रे. गुडघ्यांसाठी केलं."

"तुमचे गुडघे तर बिलकुल ठीक आहेत."

"जाऊबाईंच्या गुडघ्यांसाठी. आता एका कामात दोन कामं झाली, त्याला मी काय करू?"

त्या गुरुवारी मीही मागे बसलो होतो. जाऊबाई गाडीला पाठ करून सीटवर टेकल्या, मग एकेक पाय उचलून आत घेतला, आणि कुठे जायचं विचारल्यावर लाजत म्हणाल्या, "किल्ल्यावर नेतेस?" मागच्या दोन चाकांच्या जोरावर गाडी किल्ला चढली. वाटेतल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला तिचं पोट घासलं. जाऊबाई "अगं आई गं" करत, आणि काकू म्हणत, "गाडीला लागलं हो, तुम्हाला नाही."

गेल्या थंडीत काकू झोपेतच गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर मुलगा म्हणाला, "गाडी पुण्याला नेतो." विकायचं नाव त्याने काढलं नाही.

तो सहा फुटी. सीट काकूंच्या बेताने पार पुढे सरकवलेली. तो आत घुसला तेव्हा गुडघे स्टिअरिंगला टेकले.

"अरे, सीट मागे घे," मी म्हणालो.

त्याने खालच्या खटक्याला हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि काढून घेतला.

"वाटेत शिवपुरी लागेपर्यंत असंच जातो," तो म्हणाला, आणि गुडघे दोन्हीकडे फाकवून त्याने गाडी गल्लीबाहेर काढली.